रूल्स ऑफिशियल म्हणून चार दिवस: शिट्टी नाही, कार्ड नाही, नुसतं बघत राहायचं

उन्हातली

मंडळी, मागे एका धाग्यावर मी बोलले होते की बायकांच्या एका प्रोफेशनल गोल्फ स्पर्धेत रूल्स ऑफिशियल (नियमांचा निवाडा करणारी) म्हणून व्हॉलंटियर करणारे, परत आल्यावर लिहीन. परत येऊन बरेच दिवस झाले, पण आधी तळपायांचे फोड जायची वाट बघत होते.

आधी एक गैरसमज दूर करते. घरी सगळ्यांना वाटत होतं मी "शांत रहा" लिहिलेली पाटी धरून उभी राहणार. ते मार्शल. ग्रुपबरोबर चालत स्कोअर टिपतात ते वॉकिंग स्कोअरर. बॉल रफमध्ये (वाढलेल्या गवतात) गेला की धावत जाऊन छोटा झेंडा रोवतात ते फोरकॅडी. हे सगळे व्हॉलंटियरच, आणि त्यांच्याशिवाय स्पर्धा एक तासही चालणार नाही. रूल्सवाले वेगळे, त्याला परीक्षा द्यावी लागते. टूरचे (अशा स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेचे) पगारी ऑफिशियल्स असतात, आम्ही त्यांच्या हाताखाली. आम्हाला दोन-तीन होलचा एक झोन देतात, वॉकी-टॉकी, एक बग्गी, स्टॉपवॉच, नियमांचं पुस्तक आणि त्या कोर्सच्या लोकल रूल्सचा कागद. काही मोठ्या स्पर्धांत प्रत्येक ग्रुपबरोबर चालणारा रेफरी असतो, इथे तसं नव्हतं. पैसे अर्थातच नाहीत.

पहिला दिवस: साडेदहा तास उन्हात, एकूण रूलिंग (निवाडे) तीन. त्यातलं एक स्प्रिंकलरचं, जे त्या मुलीला माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं, तिला फक्त कुणीतरी "हो" म्हणायला हवं होतं. बाकी वेळ झाडाखाली बग्गी लावून दुर्बिणीतून बघत बसायचं. पण ते बसणं म्हणजे आराम नाही हं, दर दहा-बारा मिनिटांनी नवीन ग्रुप येतो आणि प्रत्येक बॉल कुठे पडला ते मनात नोंदवत राहायचं, कारण हात वर झाला की तिथे पोचायच्या आत तुम्हाला अर्धी गोष्ट माहीत असायला हवी.

आणि पोचल्यावर पहिला प्रश्न एकच विचारायचा, बॉल कुठल्या भागात आहे? बंकर (वाळूचा खड्डा), पेनल्टी एरिया (पाणी वगैरे, खुणांनी आखलेला भाग), ग्रीन (होलभोवतीचं बारीक गवत), टीइंग एरिया (होल सुरू होतो ती जागा) की बाकीचा कोर्स. यावर पुढचं सगळं ठरतं. मला शिकवणाऱ्या सीनियर बाई म्हणायच्या, उत्तर येत असलं तरी आधी प्रश्न विचार, तेवढ्यात श्वास जाग्यावर येतो.

बाकीचं रात्री लिहिते.

बोगीवाली

वाचतेय! लवकर लिही ग.

शंकेखोर

छान. एक बेसिक शंका. खेळाडू प्रोफेशनल आहेत ना, रोज हेच करतात, मग त्यांना नियम पाठ नसतात का? दर वेळी माणूस कशाला बोलवायचा?

मुक्काम पोस्ट बंकर

शंकेखोर, बऱ्याच वेळा येतच असतात. पण एका स्ट्रोकवर (फटक्यावर) कट, म्हणजे शेवटच्या दिवसांसाठीची निवड जाते, आणि चुकीचा ड्रॉप (बॉल उचलून दुसऱ्या जागी सोडणं) केला तर पेनल्टी तिच्या डोक्यावर. ऑफिशियलने सांगितलं तसं केलं तर ऑफिशियल चुकला तरी सहसा तिला भोगावं लागत नाही. वकिलाला कायदा येतो म्हणून तो न्यायाधीश नको म्हणत नाही, तसं.

उन्हातली

बंकर, अगदी बरोबर. आणि हे "ऑफिशियल चुकला तरी" माझ्या पोटात चार दिवस गोळा आणून होतं.

दुसरा दिवस. माझ्या झोनमध्ये ग्रीनच्या मागे-डावीकडे प्रेक्षकांचा मोठा स्टँड होता, लोखंडी सांगाडा, वर पत्रे. क्लबवर रोज खेळणाऱ्यांना हे प्रकरण कधी भेटतच नाही. नेहमीची अडचण, म्हणजे स्प्रिंकलर, पक्का रस्ता वगैरे, बॉलला, उभं राहायला किंवा स्विंगला आड आली तरच मोफत ड्रॉप मिळतो, नुसती नजरेच्या रेषेत आली तर नाही. पण स्पर्धेपुरते उभारलेले स्टँड, टीव्हीचे टॉवर यांना लोकल रूल असतो, आणि त्यात बॉल आणि होलच्या मधे ते आलं तरी सुटका मिळते. होलपासूनचं अंतर राखून बाजूला सरकत जायचं, रेषा मोकळी होईपर्यंत, मग तिथून एक क्लबलेंग्थ, म्हणजे काठीभर अंतर.

तर एका मुलीचा बॉल स्टँडच्या मागे. मी गेले, बघितलं, हिशोब केला, जागा दाखवली. जागा निघाली दाट रफमध्ये. तिच्या कॅडीला (बॅग वाहणाऱ्या मदतनीसाला) दुसऱ्या बाजूची जागा हवी होती, तिथे गवत कापलेलं. तो म्हणाला हे अंतर सारखंच आहे. खरंच सारखं दिसत होतं! मला घाम. मागे स्टँडमध्ये दोनशे माणसं, सगळी माझ्याकडे बघतायत असं वाटलं (बघत नव्हती, बहुतेक मोबाईलमध्ये होती).

मी म्हटलं, एक मिनिट, मी सीनियरना विचारते. रेडिओवर बोलवलं. बाई आल्या, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, सांग तू काय ठरवलंस आणि का. सांगितलं. त्यांनी पावलांनी दोन्हीकडे मोजलं आणि माझीच जागा कायम केली, दुसरी जागा दीड पाऊल लांब होती. नियमात जवळची जागा म्हटलंय, सोयीची नाही. मुलगी काही बोलली नाही, ड्रॉप केला, रफमधून असा काही शॉट मारला की बॉल होलपासून हातभर. जाताना मला थँक यू म्हणाली. कॅडी नाही म्हणाला.

दुसरं मत मागणं हा खेळाडूचा हक्क नाही बरं का, रेफरीने हो म्हटलं तरच. पण नवीन माणसाने स्वतःहून विचारावं, त्यात कमीपणा नाही.

जुना खेळिया

लेख आवडला. पण एक स्पष्ट बोलतो, राग मानू नका. या ऑफिशियल लोकांनी बायकांच्या गोल्फमध्ये जेवढे घोळ घातलेत तेवढे कुठे नसतील. २०१७ ची एएनए इन्स्पिरेशन आठवा. लेक्सी थॉम्पसन रविवारी पुढे होती, बाराव्या होलनंतर तिला जाऊन सांगितलं की काल सतराव्या होलवर फूटभराच्या पुटला (ग्रीनवरच्या हलक्या फटक्याला) तू बॉल उचलून किंचित वेगळ्या जागी ठेवलास, दोन स्ट्रोक, आणि चुकीच्या स्कोअरकार्डावर सही केलीस म्हणून आणखी दोन. कुणीतरी घरी टीव्ही बघणाऱ्याने ईमेल केला होता! पोरगी रडत रडत खेळली, तरी प्लेऑफपर्यंत (बरोबरी सोडवायच्या जादा खेळापर्यंत) गेली, तिथे सो यॉन रयू जिंकली. हा काय न्याय?

शंकेखोर

घरबसल्या माणसाच्या ईमेलवर?? क्रिकेटमध्ये असं झालं असतं तर आपल्या सोसायटीतल्या काकांनी रोज तीन विकेट काढल्या असत्या.

मुक्काम पोस्ट बंकर

खेळियाकाका, पण त्यात मैदानावरच्या ऑफिशियलचा दोष काय? तेव्हाचा नियमच तसा होता, माहिती आली की स्पर्धेच्या कमिटीला कारवाई करावीच लागायची. उलट आधीच्या नियमाने ती सरळ बादच झाली असती, २०१६ पासून ते दोन स्ट्रोकवर आणलं होतं. आणि त्या घटनेनंतर बदल झालेच. त्याच महिन्यात ठरलं की खेळाडूने जागेचा प्रामाणिक अंदाज घेतला असेल आणि चूक उघड्या डोळ्यांना दिसणारी नसेल तर व्हिडिओ दाखवून पेनल्टी नाही. २०१८ पासून प्रेक्षकांचे फोन-ईमेल बंद, आणि माहीत नसलेल्या पेनल्टीमुळे कार्ड चुकलं तर जादाचे दोन स्ट्रोकही गेले.

बोगीवाली

मला त्याहून २०१६ ची यूएस विमेन्स ओपन जास्त लागली. अॅना नॉर्डक्विस्ट आणि ब्रिटनी लँग, तीन होलचा प्लेऑफ. दुसऱ्या होलला बंकरमध्ये शॉटच्या आधी क्लब वाळूला लावायचा नसतो, आणि अॅनाच्या क्लबने वाळूचे दोन-चार कण हलले, झूम केल्यावर दिसेल एवढेच. दोन स्ट्रोक. पण सांगितलं कधी? तिसऱ्या होलवर, अॅनाने आपला तिसरा शॉट मारल्यावर! आणि लँगचा शॉट बाकी होता, तिला आधी कळलं, तिने क्लब बदलला. म्हणजे एकीला माहिती घेऊन खेळायला मिळालं, दुसरीला नाही.

उन्हातली

खेळियाकाका, रागावले नाही. आमच्या ट्रेनिंगमध्ये बोगीवालीने सांगितलेलीच केस घेतली होती, आणि नियम बरोबर की चूक यावर एक शब्द नाही, सगळी चर्चा "केव्हा सांगायचं" यावर. रूलिंग बरोबर असून उशिरा सांगितलं तर ते अर्धं चुकलंच. म्हणून आम्हाला बजावून सांगितलेलं, काही दिसलं तर लगेच पुढे व्हा, पुढच्या टीवर गाठू असं म्हणू नका.

आणि त्याच्याही आधीचं एक पाऊल आहे. चूक होताना दिसली तर होऊ द्यायची नाही. तिसऱ्या दिवशीचा किस्सा. एकीचा बॉल कोर्सच्या हद्दीपाशी, आतच, पण हद्दीचा पांढरा खुंटा स्विंगच्या आड. पेनल्टी एरियाचे लाल-पिवळे खुंटे उपटून बाजूला ठेवता येतात, त्यामुळे हाताला सवय असते. हद्दीचा खुंटा मात्र हलवायचा नसतो. तिने सहज उपटला आणि गवतात टाकला. मी बग्गीतून उतरून अक्षरशः धावले, "थांबा, प्लीज थांबा". ती दचकली. म्हटलं, तो परत होता तसा रोवा, शॉट मारायच्या आधी रोवलात तर काही नाही, नाहीतर दोन स्ट्रोक. २०१९ पासून ही सोय आहे, त्याआधी उपटला की गेलेच दोन. तिने रोवला, कॅडीने थोडा तिरका होता तो सरळ करायला घेतला तर मी म्हटलं नको नको, तिरका होता तसाच तिरका! हसली ती. मग बॉल आडवा फेअरवेवर (कापलेल्या मधल्या पट्ट्यावर) काढला आणि तो होल बोगीवर (ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त) सुटला.

चार दिवसांत मला सगळ्यात समाधान कशाचं असेल तर या एका "थांबा"चं. स्कोअरकार्डवर त्याची कुठे नोंद नाही.

शंकेखोर

पण हे फेअर आहे का? दुसऱ्या कुणी तोच खुंटा तुमची नजर नसताना उपटला तर तिला दोन स्ट्रोक. म्हणजे नशीब झालं ना?

मुक्काम पोस्ट बंकर

चांगला मुद्दा आहे. पण मग पोलिसाने एकाला खड्ड्यात पडताना वाचवू नये का, कारण दुसरीकडे पोलीस नव्हता?

उन्हातली

शंकेखोर, मी पण हेच विचारलं होतं. नियमपुस्तकाच्या कमिटीसाठीच्या भागातच म्हटलंय की रेफरीवर सावध करायचं बंधन नाही, पण जमेल तिथे करावं, आणि सगळ्यांशी सारखं वागावं. मॅच प्लेचं (समोरासमोरच्या लढतीचं) गणित वेगळं, तिथे तुम्ही त्या मॅचला पूर्ण वेळ नेमलेले नसाल तर सहसा मधे तोंड घालायचं नाही, कारण तिथे समोरचीने चूक सोडून द्यायची की नाही हा तिचा प्रश्न.

तसाच एक ड्रॉपचा. २०१९ ला ड्रॉप खांद्यावरून गुडघ्यावर आला, इतकी वर्षं झाली तरी हात अजून विसरत नाही. थकलेली मुलगी होती, सतरावा होल, कमरेच्या वरून बॉल सोडला. मी म्हटलं परत घ्या, गुडघ्याच्या उंचीवरून. चुकीचा ड्रॉप मोजतच नाहीत, शॉट मारायच्या आत परत केला की संपलं. तसाच मारला असता तर एक स्ट्रोक गेला असता.

जुना खेळिया

हे मान्य. आमच्या वेळी ऑफिशियल झुडपामागे लपून बसतात असं आम्ही म्हणायचो. आता स्लो प्लेबद्दल पण बोला, तो खरा रोग आहे. पाच-साडेपाच तास राउंड!

उन्हातली

काका, बोलते, ते सगळ्यात नावडतं काम. ग्रुप पुढच्या ग्रुपपासून मागे पडला आणि ठरलेल्या वेळेच्याही मागे गेला की आधी इशारा, मग घड्याळ. मी स्टॉपवॉच घेऊन त्यांच्या मागे मागे. घड्याळ कधी सुरू करायचं हीच कला आहे, तिची पाळी आली आणि आड काही नाही, तेव्हापासून. वाऱ्याने कचरा उडत आला, प्रेक्षकातलं पोर रडलं, तर थांबवायचं. नियमपुस्तक ४० सेकंदांची शिफारस करतं, टूर्सची स्वतःची आणखी कडक कोष्टकं असतात. मी एकीला घड्याळ लावलं तेव्हा ती मला एका नजरेत जाळून टाकेल असं वाटलं, आणि पुढचे दोन होल तिने इतक्या भरभर खेळले की मलाच धाप लागली. पेनल्टी द्यावी लागली नाही, देवाची कृपा. द्यायची झालीच तरी ती मी एकटी देत नाही, वरच्या ऑफिशियलकडे जातं.

बोगीवाली

२०२३ ची एव्हियन चॅम्पियनशिप आठवते का? कार्लोटा सिगांडाला स्लो प्लेसाठी दोन स्ट्रोक दिले, तिला पटलं नाही, तिने ते न धरताच कार्डावर सही केली. मग चुकीच्या कार्डासाठी थेट बाद.

मुक्काम पोस्ट बंकर

सहीवरून १९५७ ची यूएस विमेन्स ओपन! विंग्ड फूट क्लब. जॅकी पुंगने स्पर्धा जिंकलीच होती, एकूण बेरीजही बरोबर, पण चौथ्या होलला सहा लागले होते तिथे कार्डावर पाच लिहिलेले. तिने सही केली. बाद. बेट्सी रॉल्स विजेती. क्लबच्या लोकांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी वर्गणी काढून तिला पहिल्या बक्षिसापेक्षा जास्त रक्कम दिली. आणि गंमत बघा, तीच बेट्सी रॉल्स पुढे १९८० मध्ये पुरुषांच्या यूएस ओपनच्या रूल्स कमिटीवर बसलेली पहिली बाई.

शंकेखोर

काय सांगता! म्हणजे दुसरीच्या कार्डाच्या चुकीवर जिंकलेली बाई नियमांचीच होऊन बसली. भारी.

उन्हातली

बंकर, हे मला माहीत नव्हतं, मस्त.

स्कोअरिंगच्या तंबूत मी चौथ्या दिवशी दोन तास होते, सही न करता कुणी बाहेर पडू नये म्हणून दाराशी. हसू नका. २००८ मध्ये मिशेल वी सही करायची विसरून बाहेर पडली, व्हॉलंटियर मागे धावले, तिने परत येऊन सही केली, पण दोरी लावलेल्या हद्दीच्या बाहेर गेली होती त्यामुळे बाद. २०२३ पासून कमिटीला लोकल रूल ठेवता येतो की सही राहिली तर बाद न करता दोन स्ट्रोक. तरी माझं दार मी सोडलं नाही.

कार्ड घेताना आम्ही प्रत्येक होलचा आकडा मोठ्याने वाचतो. काही मुली डोळे मिटून ऐकतात, सगळा राउंड परत खेळल्यासारख्या. एकीने अकराव्या होलला डोळे उघडले आणि म्हणाली, नाही, पाच. लिहिलेले चार होते. मार्करची (तिचं कार्ड लिहिणाऱ्या सोबतच्या खेळाडूची) चूक. स्वतःहून एक स्ट्रोक वाढवून घेतला, सही केली, पाणी प्यायली, गेली. तंबूत कुणी काही बोललं नाही.

जुना खेळिया

हे वाचून बरं वाटलं.

बोगीवाली

आता फजिती सांग. झालीच असणार काहीतरी.

उन्हातली

झाली ना. पहिल्याच दिवशी रेडिओचं बटण दाबलेलं राहिलं. मांडीवर पुस्तक, पुस्तकाखाली रेडिओ. मी स्वतःशी बडबडत होते, "अगं बाई मार आता, किती वेळ बघशील, पुट आहे की लग्नाचा मुलगा". कोर्सवरच्या सगळ्या ऑफिशियल्सना साडेतीन मिनिटं ऐकू गेलं. बरं सगळ्यांना भाषा कळली नाही, पण सूर कळला. संध्याकाळी टूरचे मुख्य ऑफिशियल गंभीर चेहऱ्याने म्हणाले, झोन चारमधल्या बाईंनी स्लो प्लेवर कविता म्हटल्याबद्दल आभार.

मुक्काम पोस्ट बंकर

=)) =)) लग्नाचा मुलगा!

अधूनमधून

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं या धाग्यासाठी. मला करायचंय हे. हँडिकॅप (खेळाच्या दर्जाचा आकडा) फार वाईट आहे, चालेल का? सुरुवात कुठून?

उन्हातली

अधूनमधून, हँडिकॅप कुणी विचारत नाही, माझा सांगितला तर तुम्ही धागा सोडून जाल. आर अँड ए (गोल्फचे नियम बनवणारी संस्था) ची नियमांची लेव्हल १ परीक्षा ऑनलाइन आहे, तिथून सुरू करा. मग लेव्हल २ साठी तुमच्या गोल्फ संघटनेला विचारा, शेवटची लेव्हल ३, ती अवघड. पण परीक्षेपेक्षा क्लबच्या, ज्युनियरच्या स्पर्धांत उभं राहा. ज्युनियर मुलं असे काही प्रश्न तयार करतात की प्रो बायका सोप्या वाटतात. पुस्तक पाठ करू नका, अनुक्रमणिका पाठ करा, पान पटकन उघडता आलं पाहिजे. पुस्तक काढून वाचून दाखवणं हा अपमान नाही, खेळाडूला उलट विश्वास वाटतो. आणि बूट. एक साइज मोठे.

शंकेखोर

शेवटची शंका, मग गप्प. काल मित्राबरोबर खेळलो, माझा बॉल पाण्याच्या कडेला, खुणांच्या आत होता पण कोरडा, स्पष्ट दिसत होता. मी तसाच मारला. तो म्हणतो पेनल्टी. हो का?

उन्हातली

तसाच मारला तर पेनल्टी कसली! क्लब जमिनीला टेकवला असतास तरी चालतं आता, २०१९ पासून. मित्राला सांग.

शंकेखोर

येस्स! पण तो पुढे पाण्यातच गेला.

उन्हातली

बरं. खुणा लाल की पिवळ्या?